टेलचा लिंब

खोल्या दाखवायच्या आधी आबांनी मला एकच प्रश्न विचारला. नोकरी कसली, माणसं किती, मटण शिजवता का, यातलं काहीच नाही. फाटकात उभे राहून, दोन्ही हात काठीवर ठेवून ते म्हणाले,

"तुमी हेडच्या का टेलच्या?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याची तारांबळ बघायची, याची मला सवय. इथं माझीच तारांबळ उडाली. ते पाहून त्यांनी प्रश्न सोपा केला. "माहेर कंचं?"

मी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"कृष्णाकाठ. उसाचं रान. म्हंजे हेडच्याच," ते खिन्नपणे म्हणाले. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून "शिकाल," म्हणाले आणि किल्ली हातात दिली.

आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी आणि किती वेळ द्यायचं हे ठरलेलं असतं, त्याला पाळी म्हणतात. पाळीप्रमाणे दारं उघडायची, मिटायची आणि कुणी मध्येच पाट फोडून पाणी चोरलं तर त्याचा पंचनामा करायचा, हे पाटकऱ्याचं काम. कालवा सुरू होतो तिथं हेड, संपतो तिथं टेल. हेडच्या माणसाच्या दारात पाणी आपण होऊन येतं. टेलच्या माणसानं वाट बघायची. आबांनी सगळी नोकरी कृष्णाकाठच्या हेडवाल्यांत काढली, पण ते स्वतः माण तालुक्यातले, म्हसवडच्याही पलीकडच्या एका धनगरवाडीतले. तिथं त्यांच्या लहानपणी कालवाच नव्हता, मग टेल कुठली असणार? त्यामुळे टेलचा शेतकरी त्यांना नशीबवान वाटायचा, आणि तरीही भांडायची वेळ आली की ते त्याच्याच बाजूनं भांडायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कराडच्या जुन्या वस्तीतलं एका डॉक्टरांचं घर घेतलं. दगडी जोतं, खाली तीन खोल्या आमच्या, बाजूला दोन त्यांच्या, वर एक विमा एजंट आणि त्याची बायको. पुढं लांबलचक अंगण. घरातलं सगळं सांडपाणी, मोरीचं आणि संडासाचंही, एकाच चिनी मातीच्या पाइपातून अंगणाखालून रस्त्याकडच्या नगरपालिकेच्या चेंबरला जाई. पाइप डॉक्टरांच्या काळातला. अंगणाच्या त्या टोकाला, फाटकाच्या डाव्या हाताला, आबांनी लावलेला लिंब होता. आमच्याकडे कडुलिंबाला नुसतं लिंबच म्हणतात. वीसेक वर्षांचं झाड, पण असा माजलेला लिंब मी दुसरीकडे पाहिला नाही. पानं तळहाताएवढी वाटावीत इतकी रसरशीत, बुंधा एकट्याच्या कवेत मावणार नाही असा. मी विज्ञानाची बाई असून मला कधी प्रश्न पडला नाही की याला हे सगळं मिळतं कुठून.

नोकरी संपली ही गोष्ट आबांनी फारशी मनावर घेतली नव्हती. जिन्याखाली पुठ्ठ्यावर पाळीपत्रक लावलेलं होतं. त्यात भाडेकरूंच्या अंघोळीच्या वेळा. टाकीपासून सगळ्यात लांबचा नळ आमचा, म्हणून पहिली पाळी आमची, पहाटे साडेपाचला. एजंट टाकीच्या बरोबर खाली, म्हणून तो शेवटी.

"आबा, मला नऊला गिऱ्हाइकाकडं जायचं असतं," तो कुरकुरायचा.

"टेल टू हेड. सरकारी नेमच हाय," आबा म्हणायचे. "आधी टेलवाला. हेडवाल्याला कवाबी मिळतंय."

माहेरी जन्मभर हेडला राहिलेली मी या घरात टेलची ठरले होते, आणि खोटं कशाला बोलू, एजंटाच्या आधी अंघोळ मिळते याचा मला आनंद व्हायचा.

त्यांच्या काठीवर करवतीनं पाडलेल्या खुणा होत्या. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ते गच्चीवर चढून ती टाकीत बुडवायचे आणि कुठवर भिजली ते बघायचे. चहा घेतला की कपात घोटभर पाणी ओतून, तो विसळून, ते विसळण पिऊन टाकायचे. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मला वाटलं चहा गोड झाला असेल. मी "साखर जास्त झाली का?" विचारलं. ते म्हणाले, "न्हाई बाई. कप धुवायला तुमी आनी पानी घालनार. म्हनलं धुऊनच देतो."

त्यांचा एक नियम होता आणि तो ते कुठंही लावायचे. टेल डोळ्यानं बघितल्याबिगर 'पोचलं' म्हणायचं नाही. नोकरीत म्हणे इतर पाटकरी हेडला बसून चहा प्यायचे आणि साहेबांना फोनवर सांगायचे, पाणी पोचलं. आबा चारीच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, कडेनं शेवटच्या शेतापर्यंत चालत जायचे, तिथल्या मातीत पायाचा अंगठा रुतवून बघायचे आणि मगच सांगायचे. घरातही तेच. मी म्हणायची, आबा, आलं आमच्या नळाला पाणी. तर ते चप्पल काढून आत येणार, नळ बघणार आणि मगच "पोचलं" म्हणणार. एकदा एजंटानं वरून ओरडून सांगितलं की गॅसची गाडी आली. आबा फाटकापर्यंत जाऊन गाडी बघून आले आणि खालून म्हणाले, "व्हय, पोचली." एजंटानं कपाळाला हात लावला.

आणखी एक गोष्ट ते अभिमानानं सांगायचे. तरुणपणी एका गावात बदली झाली तेव्हा ज्याच्या घरात खोली घेऊन राहत होते, त्यानंच पाट फोडला. आबांनी त्याच्याच सोप्यात बसून त्याचा पंचनामा केला. "त्येनंच मला बसायला घोंगडं टाकलं हुतं," आबा म्हणायचे. "दुसऱ्या दिशी त्येच घोंगडं आन माझी ट्रंक रस्त्यावर. बायको पोटुशी. पन सही घेतली म्या त्येची. एकदा फोडली म्हंजे फोडली. मग कुनी का असंना." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की जणू ट्रंक रस्त्यावर नाही, पालखीत निघाली होती. त्या बायकोचं मी फक्त फोटोत दर्शन घेतलं. मुलगा पुण्याला, महिन्यातून एकदा यायचा आणि पाळीपत्रक बघून हसायचा.

तर अशा घरात माझी आई राहायला आली. ती गावाकडं गोठ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कराडला झालं आणि भावाच्या घरी संडास मागच्या परसात, म्हणून ती माझ्याकडे आली. नवरा माझा फौजेत, वर्षातून दोनदा येणारा. घरात आम्ही दोघी. डॉक्टरांनी तिला वॉकर दिला आणि रोज अंगणात चालायला सांगितलं. ती खोलीतून मोरीपर्यंत आणि मोरीतून खोलीपर्यंत चालायची. ओट्याच्या दोन पायऱ्या काही केल्या उतरायची नाही.

"परत पडले तर? आता कोन उचलनार मला?" एवढंच म्हणायची.

आई आणि आबा यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ती उसाच्या घरची. अंघोळीला दोन बादल्या कढत पाणी घेऊन निवांत बसणारी. आबा बाहेर खाकरायचे.

"आक्का, दार मिटा आता. पाळी सपली."

"आवं, मोडल्याली हाडं शेकत्यात, शेकू द्या की जरा!" आई आतून ओरडायची. मग मला म्हणायची, "पाटकरी कवा कुनाचा झालाय? आमी लय बघितल्यात." ती त्यांना आबा म्हणालीच नाही कधी. कायम पाटकरी.

ती येऊन महिना झाला असेल. एका सकाळी मोरीतलं पाणी खाली जाण्याऐवजी वर यायला लागलं. दुपारपर्यंत कमोडही काठोकाठ. एजंटानं वरून पाणी सोडलं की आमच्याकडे बुडबुडे. आबांनी आधी चौकशी लावली. एजंटाच्या बायकोचे केस, माझी चहापत्ती, आईच्या औषधांच्या गोळ्यांची पाकिटं, एकेकाला उलटतपासणी. मी चहापत्ती झाडाला घालते हे शपथेवर सांगितलं तरी त्यांनी माझ्या गाळण्याची तपासणी केली. शेवटी प्लंबर आला. त्यानं बांबूच्या लांब कामट्या पाइपात घातल्या, पुढं-मागं केल्या आणि ओढल्या. कामटीच्या टोकाला काळ्या-तपकिरी धाग्यांचा हातभर झुबका आला.

आबांनी तो हातात घेतला. धनगराचं बोट ते. त्यांनी नकळत चिमटीत धरून पीळ दिला, लोकरीला देतात तसा. मग एकदम थांबले.

"मुळ्या हायत," प्लंबर म्हणाला. "लिंबाच्या. कुठंतरी सांधा फुटलाय, तिथनं आत शिरल्यात. हितं खनावं लागंल." त्यानं लिंबाच्या बुंध्याजवळची जागा दाखवली.

"तिथं न्हाई," आबा म्हणाले. "वर भिंतीकडं खना. कोयनेच्या धक्क्यानं तिकडचा सांधा हललाय."

"व्हय व्हय, गेल्या आठवड्यात धक्का बसला होता, माझी भांडी वाजली," एजंट म्हणाला. कोयनेच्या भूकंपाच्या धक्क्यावर आमच्याकडे काहीही ढकलता येतं आणि कुणी वाद घालत नाही.

प्लंबर दोन दिवस भिंतीकडं खणत होता. पाइप ठणठणीत निघाला. तो म्हणायचा, आबा, झाडापाशी बघू. आबा म्हणायचे, आनी दोन हात पुढं बघ. मी त्यांना इतकं थोडं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. काठी टाकीत बुडवायलाही ते त्या दोन दिवसांत गेले नाहीत.

आणि या दोन दिवसांत आईचे हाल झाले, ते मी विसरणार नाही. तिला खाली बसता येत नव्हतं, कमोडच लागायचा. रस्त्यापलीकडच्या घरात कमोड होता, बिचारे नाही म्हणाले नाहीत. पण तिथवर जायचं कसं? प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून एजंटानं एका बाजूनं आणि प्लंबरच्या माणसानं दुसऱ्या बाजूनं तिला उचललं. मी पुढं चालत वाट करत होते. भाजीची गाडी थांबली, दोन मोटारसायकली थांबल्या. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला. साठ वर्षं जिनं उसाच्या सरीत उभ्या उभ्या आयुष्य काढलं, तिला मी भर रस्त्यातून संडासाला वाहून नेत होते. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं.

परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला गावाकडं सोड."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा ओट्यावर आले. आत डोकावून म्हणाले, "आक्का, चा घेतला का न्हाई? तांब्या हाय तसाच भरल्याला दिसतोय सकाळधरनं."

माझा तोल सुटला. "ती पाणी पीत नाही आबा. कालपासून पीत नाही. प्यायली की जावं लागतं आणि जायचं तर खुर्चीत बसून वरात काढावी लागते. आणि तुम्ही भिंत खणत बसलाय. त्या झाडाच्या मुळ्या आहेत, सगळ्यांना दिसतंय. ते झाड काढा, नाहीतर आम्ही उद्या खोली सोडतो."

आबा आईच्या उशाजवळच्या भरलेल्या तांब्याकडे बघत उभे राहिले. मग वळून निघून गेले. त्यांच्या घरात, त्यांच्या पाळीपत्रकाखाली, एक माणूस तहानेलं पडलं होतं. मी मुद्दाम टोचायला बोलले होते, आणि ते बरोबर जागी लागलं होतं. त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळीचा आवाज आला. आबा बनियन आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत लिंबाजवळ खणत होते. इकडं-तिकडं न बघता, बुंध्यापासून दोन हातांवर, नेमक्या जागी. प्लंबर आला तोवर पाइप उघडा पडला होता. पाइपावर शहाबादी फरशीचा एक चौकोनी तुकडा होता. आबांनी तो उचलला. खाली पाइपाला वीतभर लांब, चार बोटं रुंद भोक होतं, आणि त्यातून मुळ्यांचा जाड दोरखंड आत गेलेला.

प्लंबर वाकून बघत म्हणाला, "हे मुळ्यांनी फोडल्यालं न्हाई. छन्नीनं कापलंय कुनीतरी. कडा बघा की."

"म्याच," आबा म्हणाले.

ते आत गेले. हात-पाय धुऊन, खाकी सदरा घालून, खात्याची जुनी कातडी पिशवी घेऊन बाहेर आले. ओट्यावर मांडी घालून बसले, दोन कागदांच्या मध्ये कार्बन घातला आणि लिहायला लागले. आई दारात वॉकर धरून उभी होती. एजंट जिन्यावरून खाली आला.

"आबा, काय लिहिताय?"

"पंचनामा."

"कुणाचा?"

"माझा."

"अहो, स्वतःचा पंचनामा कोण करतं?"

"मग कुनी करायचा?" आबा वर न बघता म्हणाले. "ह्या घरात दुसरा पाटकरी हाय?"

लिहून झाल्यावर त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवला. आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर इसमाने राहत्या घरच्या चारीस टेलजवळ छन्नीने भोक पाडून, वर फरशी ठेवून, बेकायदा दार तयार केले व सर्वांच्या वाटणीचे पाणी एका झाडास दिले. तसेच सदर इसमाने दोन दिवस सदरची जागा माहीत असून लपवली व त्यामुळे एका आजारी बाईचे हाल झाले. त्याचे म्हणणे विचारता, म्हणणे काही नाही.

पंच म्हणून मी आणि एजंटानं सह्या केल्या. एजंट आधी हसत होता, सही करताना हसला नाही. माझा राग मात्र अजून गेला नव्हता.

"आबा, पण लिंबाला पाणी कोण घालतं?" मी विचारलं. "त्याला लागतच नाही. माळावर नुसत्या उन्हात वाढतो तो."

"लागत न्हाई म्हनूनच कुनी घालत न्हाई," आबा म्हणाले. आणि मग कागदाची घडी करत, कुणाकडेही न बघता सांगायला लागले. "आमच्या दारात लिंब हुता. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली जायचा. मी, आय आन लिंब, एवढंच ऱ्हायचो. आय कोसावरनं दोन घागरी आनायची. त्याच्या सावलीला बसून आमी पानी प्यायचो. त्येला कवा चूळभर घातलं न्हाई, घालायला हुतं कुठं? मला लाज वाटायची बाई त्येच्या म्होरं पानी प्यायची. दुस्काळात त्येचाच पाला शेरडांना घालून घालून बोडका केला आमी. मग वाळला. त्या आधी त्येच्या लिंबोळीचं एक झाड वाडीत झालं हुतं, त्येच्या लिंबोळीचं हे, नातवंड म्हना. म्हनलं ह्येला तरी मिळू द्या. एवढं पानी गटारात जातंय. आन घान म्हनाल, तर मेंढरं बसवतोच की आमी रानात खतासाठी."

"पण मुळ्या आत शिरतील हे नाही कळलं?"

"लिंबाच्या मुळ्या सरळ खाली जात्यात, पाताळात," ते म्हणाले. "पान्याकडं आडव्या जात्यात हे मला काय ठाव? आमच्याकडं आडवं पानी हुतंच कुठं?"



मग ते उठले आणि कागद घेऊन आईसमोर जाऊन उभे राहिले. "आक्का, खात्याचा नेम असा हाय की ज्येची पाळी बुडाली त्येनं तक्रार सांगायची. पाळी तुमची बुडाली. प्लंबर म्हनतोय झाड काढा. मास्तरीनबाईबी म्हनत्यात. तुमी सांगाल तसं. काढा म्हनला तर आज परवानगीचा अर्ज देतो."



आईनं वॉकरवरची पकड बदलली. झाडाकडे बघितलं, उघड्या खड्ड्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही दोन दिवसांचं सगळं बाहेर काढणार.

"आमी बी फोडला हुता पाट," आई म्हणाली.

 हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"ऊस वाळत हुता. पाळी आठ दिवसांनी. मालकांनी पाट फोडला आन मी कंदील धरून हुबी ऱ्हायले. सकाळी पाटकरी आला तर त्येलाच म्या वरनं चार शिव्या दिल्या, आमच्यावर आळ घेतोस म्हनून. गरीब हुता, गेला मुकाट्यानं." ती थांबली. "खालच्यांचा भुईमूग गेला त्या साली."

आबांचे डोळे लकाकले. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. "कवा? कंची चारी?"

"लई वर्सं झाली. ही पाळन्यात हुती," आईनं माझ्याकडं बोट केलं.

"तुमचं मालक कुठं असत्यात?"

"गेलं. धा वर्सं झाली."

आबांनी पेनाला टोपण लावलं. कोरा कागद परत पिशवीत ठेवला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

"तुमचंबी ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "झाडाला कशाला बोल लावायचा? त्येनं कुनाकडं मागितलं हुतं? फुटल्यालं पानी आलं, प्यालं. आमच्या उसानंबी प्यालं. झाड ऱ्हाऊ द्या. पन पाटकरी, माझा संडास आज चालू झाला पायजे."

तो त्या दिवशी सूर्यास्ताच्या आत चालू झाला. मुळ्या तोडून काढल्या, झाडापासून फाटकापर्यंतचा चिनी मातीचा पाइप उचलून पीव्हीसीचा टाकला. सांध्यावर प्लंबरनं दोनदा सोल्युशन लावलं, आबांनी बोट फिरवून बघितलं. कमोडमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि आबा रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उचलून उभे राहिले. तिथून ओरडले, "पोचलं!" आईनं आधी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. मग "चा टाक" म्हणाली.

शिक्षा आबांनी स्वतःच ठरवली होती, आठ दिवस पाळी बंद. म्हणजे आठ दिवस अंघोळ नाही. पाचव्या दिवशी आम्ही आणि एजंट मिळून तक्रार मागं घेतली तेव्हा कुठं ते नळाखाली गेले. त्यानंतर ते मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायचे. घमेल्यातलं पाणी बादलीत भरायचे आणि ओट्याखालून झाडापर्यंत खुरप्यानं काढलेल्या एका लहानशा पाटात ओतायचे. "ही माझ्या वाटनीची हाय. हितं कुनाची चोरी न्हाई," असं पहिल्या दिवशी आम्हाला बजावून सांगितलं. बादली ओतली की पाटाच्या कडेकडेनं चालत बुंध्यापर्यंत जायचे, अंगठ्यानं माती दाबून बघायचे आणि स्वतःशीच "पोचलं" म्हणायचे. आई ते रोज दारातून बघायची. कधी कधी म्हणायची, "पाटकरी, आज वाटंतच मुरलं." ते म्हणायचे, "हेडवाल्यांनी टेलचं सांगू न्हाई." पण दुसऱ्या दिवशी पाट थोडा खोल केलेला असायचा.

आईचं हाड जुळलं, पण भीती गेली नाही. दोन वर्षं ती दारातून ओट्यावर आणि ओट्यावरून दारात. पायऱ्या उतरायची नाही. डॉक्टर बोलले, नवरा सुट्टीवर आला तेव्हा तो बोलला, मी तर रोज बोलायची. आबा एकदाच बोलले, "आक्का, टेल लांब वाटती, पन लांब नसती." तिनं ऐकल्यासारखं केलं नाही.

मग एका उन्हाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. फुप्फुसात पाणी झालं असं डॉक्टर म्हणाले. आबांना ते ऐकून हसू आलं होतं. मुलगा पुण्याहून आला, एक माणूस ठेवला. तो माणूस सकाळी ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसायचा. घमेलं मोरीत उपडं पडून राहिलं. आबांची खाट खिडकीशी होती, पण खिडकीतून झाड दिसायचं नाही, फक्त ओटा दिसायचा.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. आई अंघोळ करून आली आणि म्हणाली, "आज पन टेल कोरडी हाय."

"काय?"

"मोरीत माझी बादली भरून ठिवलीया. घमेल्यात स्टूल ठिवून, त्येच्यावर बसून केली अंगूळ. घे ती."

मी बादली उचलून ओट्याखाली आणली आणि पाटाच्या तोंडाशी ओतली. साबणाचा फेस असलेलं पाणी वाळलेल्या पाटातून सरपटत पुढं निघालं. खिडकीतून आबांचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला कळलाच नाही.

"कोन हाय तिथं? कुनाचं पानी?"

"आमचं," आई ओट्यावरून म्हणाली. "आज आमची पाळी."

आत खाट करकरली. मग, "पोचलं का?"

"पोचलं आबा!" मी ओरडले. मला आठ वाजताची बस होती.

"बघितलं व्हय तुमी?"

मी जायला वळले. तर मागून आईनं हाक मारली, "थांब. पाळी माझी हाय."

तिनं वॉकर पहिल्या पायरीवर टेकवला. मी धरायला धावले, तिनं मानेनंच नको म्हटलं. एक पायरी. मग दुसरी. मग मातीत उतरली. पाटाच्या कडेनं, पाण्याच्या मागोमाग, वॉकर उचलायचा, ठेवायचा, पाय ओढायचा. मध्ये एकदा थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि परत निघाली. अंगणाच्या त्या टोकाला लिंबाखाली ती पोचायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. माझी बस गेली. तिथं तिनं एका हातानं बुंध्याला धरलं, चप्पल काढली आणि ओल्या मातीत पायाचा अंगठा दाबून बघितला.

मग खिडकीकडे तोंड करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"पाटकरी, पोचलं!"